दोर धरणारा

फार जुन्या काळची गोष्ट आहे. तेव्हा डोंगरांनाही नीटशी नावं पडली नव्हती. एका डोंगराला लोक नुसताच मधाचा डोंगर म्हणत. त्याची एक बाजू सुरीनं कापल्यासारखी तुटलेली होती. त्या कड्याच्या पोटाला आग्या माश्यांची सुपाएवढी काळीभोर मोहोळं लटकत. कड्याच्या पायथ्याशी एक वाडी होती, आणि वाडीतली माणसं मध काढून जगत.

मध काढायला दोघं लागत. एक जण अंबाडीच्या दोराला बसून कड्यावरून खाली उतरे. त्याच्या हातात धुराची चूड असे. दुसरा माथ्यावर बसे. दोराचा एक वेढा झाडाला घातलेला असे, बाकी सगळा दोर त्या माथ्यावरच्या माणसाच्या मुठीत. खालच्यानं हिसका दिला की वरच्यानं ओळखायचं, सोडायचा की ओढायचा. खालच्याचा जीव म्हणजे वरच्याची मूठ.

म्हणून दोर कुणी धरायचा याचा रिवाज ठरलेला होता. दोर बायकोच्या भावानं धरायचा, सख्ख्या भावानं नाही. म्हातारे सांगत, "भाऊ मेला तर भावाला वाटा मिळतो. मेहुणा मेला तर काय मिळतं? विधवा बहीण! मग तो कशाला दोर सोडेल?" लग्नं जमवताना पोरं थट्टा करत, "पोरगी मागनं दाखवा, आधी तिच्या भावाचं मनगट दाखवा!"

या वाडीत दोन भाऊ होते. आईबाप लवकर गेले, थोरल्यानं धाकट्याला वाढवलं. थोरला कड्यावर उतरे. धाकटा, त्याचं नाव केरू, पायथ्याशी घागर घेऊन उभा राही. केरू मनानं चांगला, पण तापट. आधी करायचा आणि मग त्याचा विचार करायचा. त्याचं एकच गाऱ्हाणं असे, "दादा, तुझा दोर मी धरणार."

"तू माझ्या बायकोचा भाऊ आहेस का?" थोरला हसून म्हणे. "नाहीस ना? मग गप घागर धर."

थोरल्याचा दोर धरी भिवा, केरूच्या वहिनीचा भाऊ. अंगानं आडवा, बोलायला कमी.

एका सकाळी मोहोळ अवचित उठलं. खालून केरूनं वर पाहिलं. दोर सैल पडला होता. मग थोरला खाली आला. केरूच्या हातातली घागर अजून हातातच होती, तिचा काठ त्यानं इतका घट्ट धरला होता की बोटं सोडवायला दुसरी माणसं लागली.

भिवा चाचपडत चाचपडत डोंगराच्या वाटेनं उतरून आला. त्याचं तोंड सुजून भोपळ्यासारखं झालं होतं, डोळे पार मिटले होते. तो एवढंच म्हणाला, "हात सुटला माझा."

"कशानं सुटला?" वाडीच्या म्हाताऱ्या नाइकानं विचारलं.

"सुटला."

"सुटला नाही, सोडला!" केरू ओरडला.

"अरे पोरा, त्याचं तोंड तरी बघ."

"मधाच्या धंद्यात कुणाचं तोंड सुजत नाही? तुमचं नाही सुजत? तुम्ही सोडता का दोर?"

आणि कुणी अडवायच्या आत केरूनं भाऊ पडला होता त्या मातीवर पंजा ठेवला. म्हणाला, "जो या भिवाशी बोलेल, याला विस्तव-पाणी देईल, तो माझ्या भावाचा मारेकरी!"

कुणाला बोलवेना. प्रेत अजून उचललेलं नव्हतं. आणि मातीवर हात ठेवून घातलेली शपथ अख्ख्या वाडीला बांधत असे. ज्यानं घातली, त्यालाच ती सोडवता येई.

त्या दिवसापासून भिवा वाडीत असून वाडीत नव्हता. तो समोरून आला की लोक माना फिरवत. त्याचा दोर कुणी धरेना, आपला दोर कुणी त्याच्या हाती देईना. ओढ्यावर तो आला की बायका कळशा उचलून निघून जात. त्याची बहीण, म्हणजे केरूची वहिनी, तिचा तर नवरा मेला आणि भाऊ जिवंतपणी गेला, दोन्ही एकाच सकाळी. ती केरूला शब्दानंही बोलली नाही. भाकरी थापायची, त्याच्यापुढे ठेवायची, आणि भिंतीकडे तोंड करून बसायची.

केरूला वाटलं होतं, शपथ घातल्यावर आत काहीतरी निवेल. निवलं नाही. सकाळी उठताना तो "दादा" अशी हाक मारून बसे आणि मग घर किती रिकामं आहे ते कळे. भाकरी मोडून दोन तुकडे करी आणि दुसरा तुकडा तसाच ताटात राही. मित्र आले तर त्यांच्यावर खेकसे, नाही आले तर कुणी आलं नाही म्हणून चिडे. हळूहळू ते यायचे बंद झाले. घरात दोन माणसं होती आणि दोघांच्या मधे एक शब्दही नव्हता.

मग एक दिवस तो उठला आणि डोंगरावर गेला.

माथ्याच्या टोकाला एका कपारीत एक म्हातारी जोगीण राहत असे. ती योग जाणते, असं वाडी म्हणे. चार दिवसांनी एकदा ती भिक्षेला खाली येई, बाकी तिला कुणाचं काही लागत नसे.

"मला योग शिकवा," केरू तिच्यासमोर जाऊन म्हणाला.

"कशाला?"

"आत जळतंय. ते विझायला पाहिजे."

"विझवायला ओढा आहे खाली," जोगीण म्हणाली. मग त्याच्या तोंडाकडे बघून तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं. "बस. आधी सांग, कुणाला दुखावून आलास?"

"मी? दुखावलंय मला!"

"ते दिसतंय रे. मी दुसरं विचारलं."

केरू पायाजवळचा खडा उकरत राहिला.

"बसणं, श्वास घेणं, डोळे मिटणं हे सगळं पुढचं," जोगीण म्हणाली. "योगाची पहिली पायरी म्हणजे कुणाला दुखवायचं नाही. हातानं नाही, जिभेनं नाही, मनानंसुद्धा नाही. ती गाळून वर चढलास तर पुढं पाय ठरत नाही."

"मी कुणावर हात उचललेला नाही."

"बरं," जोगीण म्हणाली, आणि तिनं त्याला बसायला शिकवलं.

केरूनं सगळा राग त्या बसण्यात घातला. पाठ ताठ ठेवायची, श्वास येताना बघायचा, जाताना बघायचा. पहिल्या दिवसांत श्वास आत येताना दादा आठवे आणि बाहेर जाताना भिवाचं सुजलेलं तोंड आठवे. केरू दोघांनाही हाकलून लावी. ते परत येत, तो परत हाकली. असं करता करता पावसाळा सरला, थंडी आली. आता त्याच्या हातावरून मुंग्या चालत गेल्या तरी हात हलत नसे.

एकदा तो मोठ्या हौसेनं जोगिणीला म्हणाला, "आज कुणीच आठवलं नाही. दादासुद्धा नाही."

जोगीण भाकरी मोडत होती. "म्हणजे रिकाम्या घरात बसून आलास."

"मन शांत कर, असं तुम्हीच म्हणालात ना?"

"दगड टाकून ओढा अडवला की पाणी शांतच दिसतं, बाबा. खाली वाडीतल्या बाया कोरड्या कळशा घेऊन उभ्या राहतात, तेवढंच."

केरूला राग आला. पण भूकही लागली होती. त्यानं भाकरीचा तुकडा तोंडात घातला. "आज कुणाकडची आहे?"

"भिवाच्या झोपडीतली."

त्यानं तोंडातला घास थुंकला आणि हातातला तुकडा फेकून दिला. जोगीण उठली. तुकडा उचलला, माती झटकली आणि स्वतः खाल्ला.

"तुम्ही त्याच्या दारात जाता?"

"मी वाडीतली नाही, मला तुझी शपथ लागत नाही. शपथ घातलीस तेव्हा लोकांनी त्याला द्यायचं बंद केलं. त्याच्याकडून घ्यायचंही बंद झालं, हे तुझ्या ध्यानात आलं का? म्हणून मी तिथं मागायला जाते. दारात कुणी मागायला उभं राहिलं की माणसाला वाटतं, आपण अजून माणसांत आहोत."

"काय म्हणतो तो?" केरूच्या तोंडून निघून गेलं.

"काही म्हणत नाही. भाकरी देतो, आणि मी दिसेनाशी होईतो दारात उभा राहतो. मग मीही सावकाश चालते."

केरू तिथून उठला. त्या दिवसापासून तो जोगिणीशीही बोलेनासा झाला. माथ्याच्या अगदी टोकावर एक खडक पुढे आलेला होता, त्यावर एकटा जाऊन बसू लागला. खाली वाडीतला धूर दिसे, बायकामाणसांचे आवाज वाऱ्याबरोबर अर्धेमुर्धे वर येत. त्या आवाजांत आपल्याला हाक मारणारं कुणी नाही, हे त्याला माहीत होतं. तरी कान तिकडेच असे.

मधाचे दिवस आले.

त्या खडकावरून सगळा कडा बाजूनं दिसायचा. एका सकाळी केरूनं डोळे उघडले तर कड्यावर दोराला एक माणूस लोंबकळत होता. केरूला वाटलं, दादाच! मग नीट पाहिलं. तो भिवा होता. आणि वर दोरापाशी कुणीच नव्हतं. दोराचं टोक झाडाला बांधून तो एकटाच उतरला होता.

"एकटा?" केरू स्वतःशीच म्हणाला. "असं कुणी उतरतं का?"

"दोर धरायला आहे कोण त्याला?" जोगीण मागं येऊन उभी राहिली होती. "ज्या घरचा माणूस कड्यावर नाही, त्या घराला मधाचा वाटा नाही. तुझा दादा गेला, तू इथं येऊन बसलास. तुझी वहिनी काय खाते, विचारलंस कधी? त्याला बहिणीशी बोलायची बंदी आहे. तिच्या दारात मध ठेवायची बंदी तू घालायला विसरलास."

तेवढ्यात कड्यावर काहीतरी झालं. भिवाच्या हातातली चूड निसटली आणि धूर ओढीत खाली गेली. धूर गेला तशा माश्या उठल्या. काळं घोंगडं झटकावं तसं मोहोळ उघडलं. भिवा वर चढायला लागला. दोर कड्याच्या धारेवर घासत होता. माथ्यावर माणूस असला की तो दोर धारेपासून उचलून धरतो. आज उचलायला कुणी नव्हतं.

केरूच्या मनात आलं, पडू दे.

एक श्वास आत आला आणि बाहेर गेला. केरू बसलेलाच होता. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. आत काहीही हललं नाही. इतके महिने ज्याच्यासाठी तो बसला होता ते अगदी हेच होतं, आणि ते बघून त्याला घाम फुटला. माणूस मरतोय आणि आपण शांत आहोत!

तो उठला आणि पळत सुटला.

दोर बांधलेल्या झाडापाशी पोचला तेव्हा दोराचा एक पीळ तुटून केसासारखा उभा राहिला होता. केरू बसला, टाचा खडकाच्या खाचेत रोवल्या, दोर दोन्ही मुठींत घेऊन धारेपासून वर उचलला. खाली भिवा क्षणभर थांबला. दोरावर कुणाचा तरी हात आलाय, हे त्याला कळलं होतं.

"ओढतोय!" केरू ओरडला. "चढ!"

मग माश्या केरूकडे आल्या. आधी मानेवर, मग कानात, मग पापण्यांवर. आगीत तोंड घातल्यासारखं झालं. आणि त्याचा उजवा हात दोर सोडून तोंडाकडे गेला. त्यानं नेला नव्हता. हात गेला. मेंढराची शेपटी हलावी तसा, त्याला न विचारता गेला. दोर डाव्या मुठीतून सरसर घसरला, खाली भिवाच्या तोंडून आवाज निघाला, आणि केरूनं दोन्ही हातांनी दोर पुन्हा आवळला. तळव्यांची सालं निघाली.

हात सुटला माझा.

ते शब्द त्याला आता कुणी समजावून सांगायला नको होते.

माश्या चावत होत्या. हात पुन्हा तोंडाकडे जायला बघत होते. केरूनं श्वास धरला नाही, येऊ दिला. श्वासाबरोबर सगळी आग आत आली. दादा आला, त्याचं ते हसणं आलं, पायथ्याची माती आली, भिवाचं सुजलेलं तोंड आलं, भिंतीकडे बघत बसलेली वहिनी आली. या वेळी त्यानं कुणालाच हाकललं नाही. येतील तितके आले. श्वास बाहेर गेला, मूठ जागेवर राहिली. पुन्हा श्वास आला. तो रडत होता आणि ओढत होता.

शेवटी धारेवर एक हात आला, मग डोकं. भिवा वर येऊन पालथा पडला. जोगीण ओल्या पाल्याचा धूर करत मागून आली आणि दोघांवरच्या माश्या हटवत राहिली.

दोर कुणी धरला होता ते भिवानं पाहिलं. पाहिलं आणि तोंड फिरवून उठून चालू लागला. बोलायची बंदी होती ना.

"पाव्हणं," केरूनं हाक मारली. त्याला डोळ्यांनी धड दिसत नव्हतं. "त्या दिवशी तुमचा कुठला हात सुटला?"

भिवा थांबला.

"उजवा," तो म्हणाला. बोलायची सवय मोडल्यानं आवाज घोगरा झाला होता. "डाव्यानं धरायला गेलो. नाही धरता आलं."

"दादा ओरडला का?"

"ओरडला नाही. 'भिवा' म्हणाला. एवढंच."

केरूनं तोंड गुडघ्यांत घातलं. तसंच त्यानं विचारलं, "का सांगितलं नाहीत मला? माश्या डोळ्यांत शिरल्या म्हणून सांगायचं."

"माशी चावली म्हणून बहिणीचा नवरा मारला, हे कुठल्या तोंडानं सांगू?" भिवा म्हणाला. "माझं मलाच पटत नव्हतं. अजूनही पटत नाही."

दोघं वाडीत उतरले तेव्हा उन्हं चांगली वर आली होती. लोक जमा झाले. थोरला जिथं पडला होता त्या जागी केरूनं सोललेला पंजा मातीवर ठेवला आणि मोठ्यानं म्हणाला, "शपथ मी घातली होती, मीच सोडवतो. याला मी मारेकरी म्हटलं. ते खोटं होतं. आज दोर माझ्या हातात होता. माझाही हात सुटला."

मग म्हातारा नाईक पुढे झाला आणि म्हणाला, "बरं केलंस बाबा. तोंड चुकवून चुकवून मान दुखली माझी." आणि त्यानं भिवाच्या खांद्यावर हात ठेवला.

वहिनी दारात येऊन उभी होती. भोपळ्यासारखी सुजलेली ती दोन तोंडं ती बघत राहिली.

"भाऊ," ती म्हणाली, "किती सुजलायस. ये आत, हळद लावते." मग केरूकडे वळून म्हणाली, "भावजी, तुम्हीपण या."

हळद कालवायला बसली, आणि तेव्हा कुठं ती मोठ्यानं रडली. दोघं तिच्या दोन बाजूंना बसून राहिले. कुणी कुणाला उगी राहा म्हटलं नाही.

त्या दिवसानंतर वाडीनं आपला रिवाज बदलला. पिढ्यान्‌पिढ्या वाडीनं दोर धरणाऱ्याचं नातं तपासलं होतं, मनगट तपासलं होतं. पण तो एकटा बसतो, दोन्ही हात गुंतवून बसतो, आणि त्याच्या तोंडावरच्या माश्या हटवायला शेजारी कुणी नसतं, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. धूर फक्त खाली उतरणाऱ्याला मिळत होता. आता दोर धरणाऱ्याच्या जवळ धूर घेऊन आणखी एक माणूस बसू लागला. ते काम केरूनं मागून घेतलं, अख्ख्या वाडीसाठी. ज्याचा दोर असेल त्याच्यापाशी तो बसे.

थोरला काही परत आला नाही. केरूचं एकटेपणही पुरतं गेलं नाही. ते त्याच्याबरोबर रोज कडा चढे आणि त्याच्या शेजारी बसे. पण आता त्याच्या दुसऱ्या बाजूला नेहमी एखादा माणूस असे.

जोगीण एकदा माथ्यावरून जाताना थांबली आणि त्याच्याकडे बघून म्हणाली, "आता नीट बसतोस."

बोध: मनाची जी शांती दुसऱ्याच्या दुःखापाशी टिकते, तोच खरा योग.